नाव घातलेली भांडी

आमच्या घरात हळू आवाजात बोलणं म्हणजे आजारपणाचं लक्षण समजत. राणीसावरगावात अप्पांचं किराणा दुकान घराच्या पुढच्या अंगाला, स्वयंपाकघर पार मागं आणि मधे लांबलचक बोळ. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, चुलीपुढून हाक मारली की ती दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाई, आणि गिऱ्हाइकानं अप्पांना विचारलेल्या गुळाच्या भावाचं उत्तर कधीकधी आतून अव्वाच देऊन टाकी. सकाळी अप्पा लिंगपूजेला बसले की तेवढा वेळ घर शांत, पण पूजा आटोपून त्यांनी विभूतीची डबी बंद केली रे केली की बोळातून आवाजांची ये-जा सुरू. मी सगळ्यांत धाकटी आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा. डी.एड.ची परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता, आणि तोवर करायला काहीच नसल्यामुळं मी सगळ्यांना हुकूम सोडत घरभर फिरत असे. आमचे हे आजही म्हणतात की मी मास्तरीण झाले नसते तर जमादार झाले असते. म्हणू देत.

त्या पहाटे जमीन हलली तेव्हा आमच्याकडं फारसं काही पडलं-झडलं नाही. दुकानातले डबे खणखणले, गावभर कुत्री भुंकली, अव्वा ‘शिवशिवा’ करत उठली. अप्पांना वाटलं दुकानात मांजर शिरलं. ते काठी घेऊन दुकानात गेले आणि पोत्यांमागं शुक् शुक् करत राहिले. पुढं वर्षभर गाव त्यांना विचारत होतं, “अप्पा, मांजर घावलं का?” पण उजाडलं, रेडिओ लागला, आणि हसणं थांबलं. लातूरच्या पलीकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. त्याबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते आमच्या गावाच्या त्यानंतरच्या दिवसांबद्दल, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या तरुणपणातले सगळ्यांत आनंदाचे दिवस होते. हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुणापुढं उच्चारलं नाही. लोकांची घरं पडली आणि तू आनंदात होतीस, असं कुणी म्हणालं तर काय सांगणार? आता केस पिकले, म्हणून बोलून टाकते.

एकेका गावानं एकेका पडलेल्या गावाची जबाबदारी घ्यायची असं तालुक्याला ठरलं होतं. आमच्या वाट्याला एक लहानशी वस्ती आली. तिचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत आणि उगीच लाजतील. घरं बुटकी होती म्हणून बरीच माणसं वाचली होती, काही घरांत मात्र कुणीच उठलं नव्हतं. आमच्या दुकानाच्या ओट्यावर बैठक भरली. पुरुष मंडळी चहा पीत समितीचा अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, यावर इतका वेळ घालवत बसली की दुसऱ्यांदा चहा ठेवावा लागला. तेव्हा बौद्धवाड्यातल्या विमलताई उठून उभ्या राहिल्या. त्या अंगणवाडी चालवत आणि जयंतीच्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीचं जेवण त्यांच्याच देखरेखीखाली उठे. त्या म्हणाल्या, “अध्यक्ष कुणी बी व्हा बाबा. भाकरी कोन्त्या घरातून किती येणार, ते बोला. तिकडं लेकरं उपाशी हायत.” मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “ही पोरगी लय वरडती. हिला द्या मपल्यासंगं.” अशी माझी नेमणूक झाली. पुढं आयुष्यात नेमणुकीची पत्रं आली, पण इतका अभिमान एकाचाही वाटला नाही.

रोज सकाळी गावातून थपथप ऐकू येई. सगळ्या आळ्यांत एकाच वेळी भाकरी थापल्या जाताना कधी ऐकलंय तुम्ही? आधी एका घरातून, मग शेजारून, मग पार वेशीपर्यंत. धूर, भाजल्या ज्वारीचा वास, कुठं पाट्यावर शेंगदाण्याची चटणी, कुठं मिरचीचा ठेचा, आणि त्या ठेच्यानं खोकणारं सगळं घर. अव्वा तिळाच्या कडक भाकरी करी, पापडासारख्या पातळ, निखाऱ्याशेजारी उभ्या करून वाळवलेल्या, पंधरवडा टिकणाऱ्या. मी आणि विमलताई टोपली घेऊन दारोदार जात असू. टोपलीत पडलेली भाकरी कोणत्या आळीची हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्या दिवशी एकदोघींनी त्यावरून नाक मुरडलं. विमलताई म्हणाल्या, “नाक मुरडा की. हात तेवढे चालू ठेवा.” अव्वा मात्र प्रत्येक टोपलीतला तुकडा मोडून चाखून बघे. “ही कुणाची गं? मीठच न्हाई हिच्यात.”

“अव्वा, भाकरीत मीठ तुमीच घालता,” विमलताई म्हणाल्या. “आमी कोरड्यासात घालताव.”

“मंग कोरड्यास चाखू द्या,” अव्वा म्हणाली, आणि विमलताईंच्या हातची झणझणीत डाळ खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिनं आणखी मागून घेतली. दोघींची गट्टी जमली ती अशी.

टेम्पो दगडूमामांचा होता. आम्हा दोघींना घेऊन ते त्या वस्तीवर जात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वाटेत तोंड उघडलं नाही. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. वर पाऊस, खाली चिखल, पत्र्याच्या चारदोन शेड, आणि त्यांत गुडघ्यांना मिठ्या घालून बसलेल्या बाया. टोपली उतरवून घ्यायला एक उंच, हाडापेरानं मजबूत म्हातारी पुढं येई. तिचं नाव सोजरबाई. ती भाकरी वाटे, टोपली झटकून परत देई, फारसं बोलत नसे. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा तिनं टोपलीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, “एक बोलू का बाई? राग येऊ देऊ नको.”

“बोला की.”

“तुमच्या भाकरी लय ग्वाड हायत. पर आता बास करा. सरकारचं पीठ आलंय, ते तसंच पडलंय. चुली मांडायला दगडाची काय कमी न्हाई आमच्याकडं.” असं म्हणून तिनं पडलेल्या घरांकडं पाहिलं आणि चक्क हसली. “तवा न्हाई, परात न्हाई, पातेलं न्हाई. सारं चेपटून गेलं भिंतीखाली. बायायला आयतं जेवण मिळायलंय, त्या बसून राहायल्यात. बसल्या की रडायल्यात. भांडी धाडा. रांधायला लागल्या म्हंजे उठतील.”

परत येताना विमलताई म्हणाल्या, “म्हातारीनं आपली नोकरी खाल्ली गं,” आणि आम्ही दोघी टेम्पोत हसत सुटलो. गावात मात्र अध्यक्षांना थोडं लागलं. आपण इतक्या भाकरी करायच्या आणि लोकांनी नको म्हणायचं, म्हणजे काय! त्यांना उत्तर अव्वानं आतून, स्वयंपाकघरातून दिलं. “त्यायच्या बाया चुलीपुढं बसल्या तरच त्यायचं घर उभं राहील. मंग ते पत्र्याचं का असंना.” अध्यक्ष दुकानातून मुकाट्यानं उठले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही भाकरीऐवजी भांडी गोळा करू लागलो. परातींवर पराती चढल्या, तवे, पातेली, तांबे, उलथनी, झारे. अव्वा ओट्यावर बसून तपासणी करी आणि पोचे आलेलं भांडं सरळ परत पाठवी. “भूकंप काय कमी झाला का त्यायच्यावर? हे चेपटं नेऊन द्यायलीस!” ज्या बाईचं भांडं परत जाई ती चडफडत घरी जाऊन त्याहून चांगलं घेऊन येई. अव्वानं स्वतः तिच्या लग्नातली पितळी परात काढली, तिच्या वडलांचं नाव कोरलेली, वीरभद्रप्पा. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा घरातल्या एकूण एका भांड्यावर नाव असे. लग्नात आलेल्यावर देणाऱ्याचं, बाकीच्यांवर घरधन्याचं. गावात कुणाकडं लग्न निघालं की सगळ्यांची भांडी जात, आणि कार्य उरकलं की नावं वाचून ज्याची त्याला घरपोच होत. कधी वाटी हरवल्याचं आठवत नाही. आता माझ्या परभणीच्या घरी भांडी कुरियरनं येतात आणि त्यांच्यावर कंपनीचं नाव असतं. शेजारीण वाटीभर भाजी देऊन जाते, पण त्या प्लास्टिकच्या डब्या कुणाच्या हेच महिनाभरानं आठवत नाही.

तर भांडी गेली. सगळ्यांना धन्य वाटलं. आम्ही अधूनमधून डाळ, मीठ, मिरची पाठवत होतो, आणि तिकडून दगडूमामा खबर आणत की चुली पेटल्या, बाया उठल्या, दोघीतिघींचं तर पाण्यावरून भांडणसुद्धा झालं. भांडणाचं ऐकून विमलताईंनी समाधानानं मान हलवली. “आता जगल्या,” म्हणाल्या.

दिवाळी तोंडावर आली होती. अव्वा करंज्यांच्या सारणाला खोबरं किसत होती आणि मी तिच्या नजरेआड ते खात होते. एवढ्यात दुकानापुढं टेम्पो थांबला. पाठोपाठ भांड्यांचा असा खणखणाट झाला की आम्ही सगळे बाहेर धावलो. दगडूमामा फळका उघडून उभे होते. आत आमची सगळी भांडी. राखेनं घासून लखलखीत केलेली, परातीत परात, पातेल्यात पातेलं, ओळीनं लावलेली.

“पाठवून दिल्यात,” मामा ओशाळून म्हणाले. “म्हणल्या, लय उपयोग झाला, आता ज्याची त्याला पोचती करा.”

मी एक पातेलं उचललं. त्याच्या तळाशी मूठभर तूर होती. दुसऱ्यात चिंचेचा गोळा. कशात तीळ, कशात दोन लिंबं, एकात झेंडूची फुलं, एका तांब्यात नुसती सुपारी. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण ज्यांच्याकडं काहीच उरलं नव्हतं त्यांनी ते पाळलं होतं. भांड्यांवर आमची नावं होती, म्हणजे ती आमची, म्हणजे उसनी, म्हणजे परत करायची. त्यांचा हिशेब सरळ होता. चूक आमचीच. देताना दिलं असं म्हणायचंच आम्ही विसरलो होतो. आमच्या मते ते सांगायची गरजच नव्हती. अव्वानं तिची परात घेतली. तिच्यात मूठभर बाजरी होती. अव्वा ओट्यावर बसली आणि मोठमोठ्यानं रडली. आमच्या घरी रडणंही गुपचूप होत नसे. बाया जमल्या, एकेकीनं आपलं भांडं ओळखून आत पाहिलं, आणि तिथंच पदर डोळ्यांना लावले. मग अव्वाच आधी भानावर आली.

“अगं पण मंग त्या आता रांधायल्यात कशात?”

दिवाळीचे दिवस आणि तिकडं चुली पुन्हा थंड. अप्पा म्हणाले, निरोप पाठवू, भांडी तुम्हालाच दिली म्हणून. मामांनी मान हलवली. “म्या सांगितलं की अप्पा. सोजरबाई म्हणली, नाव त्यायचं हाय. दुसऱ्याच्या नावाच्या भांड्यात रोज रांधायचं, म्हंजे रोज उसनवारी. एवढे दिवस केली, आता बास.” मग कुणी म्हणालं नावं खोडून टाकू. गावात भांड्यांवर नावं घालणारे रसूलचाचा होते, त्यांना बोलावलं. त्यांनी पातेलं उन्हात धरून फिरवलं आणि म्हणाले, “नाम मिटता न्हाई बेटी. घासू तो भोक पडेल. पातेल्याची चाळणी होईल, पीठ चाळत बसा.”

“खाली जागा हाय ना पण चाचा?” मी ओरडले. “खाली त्यांची नावं घाला!”

सगळ्यांना एकदम पटलं. चाचांनी पिशवीतून हातोडी आणि टोच्या काढला, ओट्यावर मांडी ठोकली, पातेलं मांडीवर घेतलं आणि विचारलं, “हौ. बोल नाम.”

आणि मी विमलताईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं. इतके दिवस त्यांना जेवू घालत होतो, पण सोजरबाई सोडून एकीचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. वस्ती म्हणायचो आम्ही, बाया म्हणायचो. त्या क्षणी जे वाटलं ते अजून वाटतं. मग विमलताई म्हणाल्या, “चला चाचा, उठा. तिथंच जाऊन ठोका.” चाचांनी कंबर दुखते, टेम्पोत हाडं खिळखिळी होतात, वगैरे सांगून पाहिलं. अव्वानं त्यांना गरम करंजी दिली आणि स्वतःच टेम्पोत पुढं जाऊन बसली. लग्न होऊन आली त्यानंतर अप्पांना सोडून ती पहिल्यांदाच गावाबाहेर निघाली होती. अप्पा म्हणाले, “भांडी रिकामी न्यायलात का?” आणि दुकानातून साखर, पोहे, डाळ, गूळ आणून प्रत्येक भांड्यात घालत सुटले. ते काय आणि किती घालतायत हे त्यांनी पाहिलं नाही. उधारीवर गुळाचा खडा द्यायलाही कुरकुरणारे अप्पा मी असे पुन्हा कधी पाहिले नाहीत.

वस्तीवर चाचा बाभळीखाली पोतं अंथरून बसले. भांडी रांगेत मांडली, यांच्यावर आता तुमची नावं घालायची असं मी ओरडून सांगितलं आणि बाया गोळा झाल्या. पहिली पुढं आली ती एक नवी नवरी, सासूच्या पाठीशी लपणारी. चाचा म्हणाले, “नाम बोलो.” ती लाजली. तिच्या घरी भांड्यांवर नवऱ्याचंच नाव असायचं, तेच घाला म्हणाली. “अरे पण उसका नाम क्या?” ती आणखी लाजली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? घ्यायचं तर उखाण्यातच. चाचा टोच्या धरून बसलेले, नवरी पदर चावत उभी. विमलताई म्हणाल्या, “घे की गं उखाणा. तोवर टोच्या चालायचा न्हाई.” बायांनी तिला ढोसलं. ती जमिनीकडं बघत एका दमात म्हणाली,

“तीन दगडांची मांडली चूल, वर ठेवला तवा,
केशवरावांचं नाव घेते, संसार मांडते नवा.”

मागं पत्र्याला टेकून उभे असलेले केशवराव कानापर्यंत लाल झाले, आणि सगळी वस्ती हसली. भरभरून हसली. माझ्याशेजारी उभी असलेली एक बाई हसता हसता म्हणाली, “अगं बया, हसायलाव आपण,” आणि तिनं तोंडावर हात घेतला. मग उरलेल्या कशाला थांबतात! एकीच्या उखाण्यावर दुसरीचा, म्हाताऱ्यांचे तर इतके चावट की मी इथं लिहीत नाही. आमची अव्वा, अप्पांचं नाव कधी ओठावर न आणणारी, तिनंही कारण नसताना एक घेऊन टाकला. चाचांची हातोडी टिक टिक टिक चालू होती आणि ते मधूनच ओरडत होते, “लंबे नाववाले बाद में! हात दुखता मेरा!”

शेवटी सोजरबाई उरली. बाया बाजूला सरल्या. तिचा नवरा मागंच गेला होता. मुलगा, सून आणि नातू त्या पहाटे भिंतीखाली राहिले. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी तिथंच कुणीतरी कानात सांगितलं. अव्वानं तिच्यापुढं स्वतःची पितळी परात केली. चाचांनी ती मांडीवर घेतली आणि आवाज उतरवून विचारलं, “किसका नाम डालू, आई?”

ती परातीवर वाकली. मला वाटलं मुलाचं नाव सांगेल, आणि ते ऐकायला लागू नये असंही वाटलं.

“सोजर घाल,” ती म्हणाली.

“सोजर आगे क्या?”

“म्होरं काय न्हाई. नुसतं सोजर. बापाच्या घरी बापाचं नाव, हितं आल्यावर सासऱ्याचं, मंग मालकाचं, मंग लेकाचं. जलमभर भांडी घासली, पर एकावर बी मपलं नाव न्हवतं. ती समदी गेली. हिच्यावर मी ऱ्हाते.”

हातोडी चालू झाली. अव्वा सोजरबाईचा हात धरून शेजारी बसली आणि आपल्या वडलांच्या नावाखाली अक्षरं उमटताना बघत राहिली. झालं तेव्हा सोजरबाईनं परात उन्हात धरली, बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती माझ्यापुढं केली.

“वाच गं.”

“सोजर,” मी वाचलं.

“आजून एकदा.”

मी पुन्हा वाचलं. मग ती उठली, चुलीपुढं बसली, परातीत पीठ ओतलं, तांब्यातलं पाणी घेतलं, आणि आम्हा पाचांकडं मान वळवून म्हणाली, “आता बसा खाली. आज तुमी खायचं.”